तेलमाडांचं गाऱ्हाणं

॥ श्री ॥

खालची वाडी, ता. जि. रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. फोनवर तुला ऐकू जात नाही, आणि मी ओरडून बोललो की ते तू सोडून सगळ्या वाडीला ऐकू जातं. तेव्हा कामाचं बोलणं यापुढे पत्रानेच करायचं ठरवलं आहे. ते कानाचं यंत्र कपाटात ठेवण्यासाठीच घेतलं होतं का, हे एकदा तुझ्या यजमानांना विचारून कळव.

यंदा मोहोर झकास आला आहे. थंडीही बेताची आहे. मी एकटा असलो तरी गोदा दोन वेळचं करून जाते, त्यामुळे जेवणाची आबाळ नाही. पुण्याला लेकाकडे, सलिलकडे जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आलो त्याला सहा महिने झाले. आता झाडावरची मुंगीसुद्धा दिसते, मग गड्यांची कामचुकारी दिसणारच.

खालच्या मळ्यातले तेलमाडही कामाला लागले. तुझ्या लेकीच्या सांगण्यावरून चार वर्षांपूर्वी दोन एकरांत एकशे दहा रोपं लावली तेव्हा लोक हसले होते. नारळाच्या गावात हे पाम तेलाचे परके माड कशाला, असं दादू गुरव तोंडावर म्हणाला होता. आता पहिल्या दोन तोडण्या झाल्या. एकेक घड म्हणजे तांबड्या सुपाऱ्यांनी गच्च भरलेली पाटी. तोडल्यापासून एका दिवसात तो गिरणीत पोचवावा लागतो, नाही तर आतलं तेल बिघडतं. म्हणून मंगळवारी सकाळी टेम्पो येतो आणि माल थेट सिंधुदुर्गातल्या गिरणीवर जातो. तिथे वाफेवर शिजवून गराचं तेल वेगळं काढतात, बियांचं वेगळं.

तेल घेणाऱ्या कंपनीचा दीपक नावाचा एक माणूस परवा चार पानी फॉर्म घेऊन आला. जंगल तोडून लावलेत का, पालापाचोळा जाळता का, औषध वहाळाच्या पाण्यात जातं का, गडीमाणसांना नीट वागवता का, त्यांचं ऐकून घेता का, असले प्रश्न. शाश्वत तेल म्हणून विकायचं तर हे सगळं लागतं म्हणे. मला यात काहीतरी काळंबेरं वाटतं. तेल हवं त्याने तेल न्यावं, माझा गडी मला काय सांगतो याच्याशी त्याला काय करायचंय? तरी सगळीकडे ‘होय’वर खूण करून दिली.

गेल्या आठवड्यात मोहोराची फवारणी चालली होती. सहज मळ्यात उतरलो, तर तेलमाडांच्या नर फुलांवर बारीक तपकिरी किडे बुजबुजलेले. ही फुलं बोटांसारखी लांबट असतात आणि त्यांना बडीशेपेसारखा वास येतो. पंप मारणारा आपला रावजी म्हणाला, भाऊ, हे मारायला नको. मी म्हटलं, चाळीस वर्षं मोहोर राखला आहे, फुलावरचा किडा मला शिकवू नकोस. तरी तो पुन्हा एकदा नको म्हणाला. तुडतुड्यांचं औषध उरलं होतं, ते मी समोर उभं राहून त्याच्याकडून सगळ्या झाडांवर मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक किडा दिसेल तर शपथ! रावजी आता थकला, पंप पाठीवर घ्यायला नको वाटतं, एवढंच त्या ‘नको’चं कारण.

उर्वीला म्हणावं, मामा तुझ्या माडांना आंब्याइतकंच जपतो. दापोलीच्या थंडीत गुडघे सांभाळ. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीवरून मोजू नयेस.

तुझा,
भास्करदादा

---

॥ श्री ॥

दापोली
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप भास्करदादास, वासंतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यंत्राबद्दल विचारलंस म्हणून सांगते, ते कानात घातलं की जग फार बडबडतं असं लक्षात आलं, म्हणून काढून ठेवलं.

उर्वी तीन महिने आंध्रात गेली आहे. तिकडे तेलमाडांच्या मैलोन्‌मैल बागा आहेत, त्यांचं शिक्षण घ्यायला. त्यामुळे तुझं पत्र मी तिच्या टेबलावर ठेवलं आहे, मेमध्ये आली की वाचेल. फोनवर तिला काही सांगायला गेले तर ती तिकडून काय बोलते ते मला कळत नाही, नुसती हो हो म्हणते.

मला मात्र तुझ्या त्या माडांचा विश्वास वाटत नाही. परवा चष्मा लावून घरातली पाकिटं वाचली. बिस्किटात पाम तेल, फरसाणात पाम तेल, नातवाच्या चॉकलेटात तेच, आणि अंगाच्या साबणात त्याचाच कुणी चुलतभाऊ. इतकी वर्षं हे आपल्या पोटात जात होतं आणि कुणी विचारलंसुद्धा नाही! उर्वी म्हणते, जगाला तेल लागणारच आहे, आणि इतर पिकांपेक्षा हे झाड थोड्या जागेत जास्त तेल देतं. तेव्हा कुणाचं तरी जंगल कापून आणण्यापेक्षा पाणी असेल तिथे नीट लावलेलं बरं. ती म्हणते म्हणून गप्प बसते. पण जे तेल आपलं नाव पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात छापतं, त्याच्या मनात काहीतरी असणार.

एक विचारायचं राहिलं होतं. त्या मळ्यात रावजी अर्धेलीने, निम्म्या वाट्यावर, भात करायचा. त्याच्या वडिलांपासूनचा तो मळा. तेलमाड लावलेस तेव्हा त्याच्या भाताचं काय केलंस? तो काही बोलला नाही का? तो बोलणारातला नाहीच म्हणा. लहानपणी करवंदांच्या जाळीत माझा पाय अडकला तेव्हाही एक शब्द न बोलता कोयतीने जाळी कापली होती त्याने.

आंबे पाठवताना पेटीत पेंढा जास्त आणि आंबे कमी असं करू नकोस. माझ्यावरचा राग आंब्यांवर काढू नये, इतका तरी लोभ ठेव.

तुझी,
वासंती

---

॥ श्री ॥

खालची वाडी
६ एप्रिल २०२५

चि. सौ. वासंतीस आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक, किंवा निदान कुणाच्या हाती पडू देऊ नकोस.

तेलमाडांचं काहीतरी बिनसलं आहे. फेब्रुवारीपासून नवे घड फळ धरीनात. बाहेरून घड दिसतो, आत हात घातला तर दाणे पोचट, काही पांढुरके, काही काळे पडून सडलेले. मागच्या मंगळवारी टेम्पोत सहा घड गेले, तेही जुने धरलेले. माणूस आपल्या झाडांवर इतका जीव टाकतो आणि ती असे रिकामे घड दाखवतात तेव्हा तोंड दाखवायला जागा राहात नाही. दादू गुरव तर रोज मुद्दाम मळ्याच्या वाटेने जातो.

आधी मला वाटलं, कंपनीने रोपं खोटी दिली. दीपकला बोलावलं. तो पान पान बघून म्हणाला, झाडं ठणठणीत आहेत, परागीकरणात कुठेतरी घोळ आहे, वरिष्ठांना विचारून सांगतो. विचारून सांगतो म्हणणारा माणूस सांगत नाही, हा माझा अनुभव. तो अजून आलेला नाही.

मग तुझ्या पत्रातली ओळ आठवली. रावजीच्या भाताचं काय केलंस, असं तू विचारलं होतंस. खरं सांगायचं तर मी काहीच केलं नव्हतं. मळा माझा, मी माड लावले. त्याला बागेतला मांगर राहायला आहे, मजुरी आहे, भात नसलं म्हणून काय झालं असं वाटलं. पण तू विचारलंस आणि माझ्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट लागत गेली. लावणीच्या दिवशी त्याने जेवायला नकार दिला होता. फवारणीला दोनदा आडवा आला. आणि आता गोदा सांगते, की तो आठ-दहा दिवसांनी पहाटेच्या एसटीने लांज्याकडे जातो आणि दुपारी परत येताना पिशवी ओल्या फडक्यात बांधून आणतो. मी विचारलं, लांज्याला कोण आहे तुझं? तर म्हणाला, गंगाराम म्हणून ओळखीचा आहे. त्याच्यापुढे एक अक्षर नाही.

परवा मी आंब्याआडून बघितलं. वासंते, तुझ्या गळ्याची शपथ, तो त्या पिशवीतून वाळकं फूल काढून तेलमाडाच्या शेंड्याशी बांधत होता! एका झाडाला नाही, पाच-सहा झाडांना. आपल्या झाडाला दुसऱ्याच्या झाडाचं वाळकं फूल कोण बांधतो? रोग आणून सोडायचा असेल तर आणखी काय करतात? मी करणीबिरणीवर विश्वास ठेवणारा नाही, पण ठेवणारे रावजीला ती येते म्हणतात हे मला ठाऊक आहे.

कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची? तुझं मत कळव. लोभाचं पुढच्या पत्रात बघू, आज मन ठिकाणावर नाही.

भास्करदादा

---

॥ श्री ॥

दापोली
१४ एप्रिल २०२५

तीर्थरूप दादास, वासंतीचा नमस्कार.

पत्र फाडलं नाही. तुझी पत्रं मी कधी फाडत नाही, आणि हे फाडलं असतं तर तू नंतर असं काही लिहिलंच नव्हतं म्हणाला असतास.

मी तुला भाताबद्दल विचारलं ते रावजीला काही द्यायचं राहिलं असेल तर द्यावंस म्हणून. त्याच्यावर पाळत ठेवावीस म्हणून नाही. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस सूड घ्यायला लांज्यापर्यंत एसटीचे धक्के खात जाईल? सूड घ्यायचा तर चार माडांच्या मुळाशी रॉकेल ओतलं असतं, काम झालं असतं.

अर्थात तू सांगतोस ते ऐकून मलाही नवल वाटतं. वाळकी फुलं बांधायचं कारण मला सुचत नाही, ते खोटं कशाला बोलू. पण दादा, तो अंगणात उभा असतो ना? मग तुझं पत्र रत्नागिरीहून दापोलीला आणि माझं दापोलीहून रत्नागिरीला कशाला फिरतंय? काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याला समोर बसव, चहा दे आणि सरळ विचार. रागाने नको.

उर्वी येईपर्यंत काही उतावळेपणा करू नकोस. एवढं माझं ऐकलंस तर लोभ दुप्पट, नाही तर आहे तेवढाच.

वासंती

---

॥ श्री ॥

खालची वाडी
२ मे २०२५

चि. सौ. वासंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तोवर माझा निर्णय झाला होता. जे झालं ते सांगतो.

गेल्या शुक्रवारी देवळात गेलो आणि दादूकडून देवीला गाऱ्हाणं घातलं. कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगायला लावलं, की ज्याने माझ्या माडांचं फळ मारलं असेल त्याला, आई, तू उघडा पाड, आणि त्याच्या हातचं त्याच्या पदरात घाल. वाडीची वीसेक माणसं होती, ‘होय महाराजा’ म्हणाली. रावजीही खांबाशी उभा होता. त्याच्याकडे माझं लक्ष होतं. सगळ्यांचे ओठ हलले, त्याचे हलले नाहीत. तो माझ्याकडेच बघत होता, आणि ते बघणं भीतीचं नव्हतं. काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी बाहेर येतो तो रावजी पार ओलांडून निघालेला, खांद्याला तीच पिशवी. त्याच दिवशी सकाळी लांज्याहून आला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, पिशवी उघड. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवी पारावर ठेवली. मीच फडकं सोडलं. आत तेलमाडाची नर फुलं, आणि फडकं सुटताच त्यातून किडे उडाले. तेच बारीक तपकिरी किडे, जे मी जानेवारीत मारले होते! बायका ओरडून मागे सरल्या. दादू म्हणाला, भाऊ, आईने तासाभरात कौल दिला.

मी रावजीला म्हटलं, माझ्या मळ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस. तो एक शब्द बोलला नाही. निरपराध असता तर बोलला असता, नाही का? शनिवारी त्याने मांगर झाडून पुसून किल्ली गोदाकडे दिली आणि मुंबईला मुलाकडे, सागरकडे गेला. त्याचं सामान दोन गोणींत मावलं.

आता सगळं स्पष्ट झालं, तरी रात्री झोप लागत नाही. बहुधा उकाड्यामुळे असेल. कंपनीचा दीपकही आला नाही. मळ्यात पाणी सोडायला आता मीच जातो. कोणत्या दांडाचं तोंड आधी उघडायचं ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे काल अर्धी झाडं कोरडीच राहिली.

तू रागावशील. रागाव, पण उत्तर पाठव. मनात मायेची जागा ठेव.

भास्करदादा

---

॥ श्री ॥

दापोली
१८ मे २०२५

तीर्थरूप भास्करमामांस, उर्वीचा सा. न. वि. वि.

मी दोनदा फोन केला. रावजीआजोबांचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता. म्हणून लिहिते. कागद ठेवून दिलात तरी तो तुमच्याच घरात राहील.

मी सोमवारी आंध्रातून आले. आईने तुमची पत्रं माझ्या टेबलावर ठेवली होती. एप्रिलचं वाचलं, मेचं वाचलं, आणि काहीच उलगडेना. मग सगळ्यांत खाली जानेवारीचं सापडलं. ते मी दोनदा वाचलं.

मामा, ते तपकिरी किडे कीड नाहीत. तेलमाडाचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर नेतात ते हेच किडे. वारा ते काम फार थोडं करतो. हे किडे नर फुलावर जगतात, तिथेच अंडी घालतात, आणि अंगाला पराग माखून मादी फुलावर जातात. ते नसले तर घड पोचटच राहाणार. आपल्याकडे ते नव्हते, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी स्वतः लांज्याच्या गंगारामच्या तेलमाडांच्या बागेतून फुलांसकट आणून सोडले होते. तुम्ही तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्यात होता. मळ्यात माझ्याबरोबर रावजीआजोबा होते. मी त्यांना सगळं समजावलं आणि सांगितलं, की आजोबा, या फुलांवर औषध पडू देऊ नका. तुम्हांला सांगायचं माझ्याकडून राहिलं. ते सांगतीलच असं वाटलं. त्यांनी सांगितलं. तुमच्याच अक्षरात आहे, दोनदा सांगितलं.

काल मी गंगारामला फोन केला. तो म्हणाला, मार्चपासून म्हातारा येतो, परवानगी मागून नर फुलं नेतो, ओल्या फडक्यात बांधतो म्हणजे किडे वाटेत मरू नयेत. कशाला हवीत विचारलं तर म्हणायचा, आमच्याकडचे जरा कमी झालेत. कुणी कमी केले ते त्याने एकदाही सांगितलं नाही.

म्हणजे माडांचं फळ मारलं कुणी, हे आता तुम्हीच बघा. गाऱ्हाणं कुणावर पडलं तेही बघा. मी देवाधर्माचं फार मानत नाही, पण तुम्ही मानता.

हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत मळ्यात जा आणि ज्या झाडांना त्यांनी फुलं बांधली त्यांच्याजवळची नर फुलं बघा. किडे असतील. नवे घडही बघा. मला खात्री आहे, धरलेले असतील.

मी रागावले आहे, आणि तुम्ही माझे मामा आहात. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, तेव्हा लोभ चालू ठेवावा.

उर्वी

---

॥ श्री ॥

खालची वाडी
२५ मे २०२५

रावजी,

मायना काय लिहावा इथेच दोन दिवस गेले. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे नमस्कार लिहायला हवा. आयुष्यभर अरेतुरे केलं, आता कागदावर अहोजाहो केलं तर खोटं दिसेल. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, तू कायम हाकेच्या अंतरावर होतास. तेव्हा नुसतं रावजी लिहिलं आहे. तुझी सून दीपाली वाचून दाखवील, तिलाही आशीर्वाद.

उर्वीचं पत्र आलं. मी मळ्यात गेलो. तू बांधलेल्या फुलांभोवती किडे आहेत, आता वरच्या ओळीपर्यंत पोचले आहेत. कोवळ्या घडांत हात घातला. दाणे टच्च भरलेले.  फळ मी मारलं होतं, रावजी. तू नको म्हणत होतास आणि मी समोर उभं राहून तुझ्याच हाताने ते मारून घेतलं. नंतर तू ते गुपचूप परत आणत होतास, तर मी तुला चोरासारखं पारावर उभं केलं. मला माझी लाज वाटते.

गाऱ्हाण्याचं मनातून जात नाही. हातचं पदरात घाल असं मी सांगितलं, आणि हात माझाच. तू खांबाशी उभा राहून माझ्याकडे का बघत होतास ते आता कळलं. काल शुक्रवार नव्हता तरी देवळात गेलो. दादूला म्हटलं, माणसं बोलाव. तीच वीसेक माणसं जमवली आणि त्यांच्यासमोर सांगितलं, की माडांचं फळ मी मारलं, रावजीने ते वाचवलं, आणि मी त्याच्यावर खोटा आळ घेतला.  गोदा रडली. मीही, थोडासा.

मांगराची किल्ली गोदाकडून घेऊन मी खुंटीला लावली आहे. तू परत ये. मळ्याच्या खालच्या अंगाला भातजमिनीचे दोन दळे मोकळे आहेत, त्यांत यंदापासून तुझं भात होईल, अर्धेलीने नाही, सगळं तुझं. भाताचं हे चार वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. पावसाआधी आलास तर पेरणी साधेल.

लोभ ठेव असं म्हणायचा मला हक्क उरला आहे का, ठाऊक नाही. तरी म्हणतो.

तुझा,
भास्कर

---

॥ श्री ॥

नालासोपारा
८ जून २०२५

ती. भास्करभाऊंना दीपालीचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पाकीट बघून आधी आम्हांला वाटलं, नोटीस पाठवली. सागर म्हणाले, उघडूच नका, वकिलाला दाखवू. बाबा म्हणाले, भाऊंचं अक्षर आहे, वाच. मी दोनदा वाचून दाखवलं. पुढचं ते सांगतात तसं लिहिते. कुठे माझं आलं तर माफ करा, किंवा करू नका.

बाबा म्हणतात, घडांची काळजी करू नये. किडे वरच्या ओळीपर्यंत गेले म्हणजे आता आपोआप वाढतील. पावसात नर फुलं तोडू नयेत. गणपतीनंतर पहिले घड पिकतील. झाडाखाली दोन-चार दाणे गळलेले दिसले की तोडावेत, त्याआधी नको आणि नंतरही नको. तोडणी टेम्पोच्या आदल्या दिवशी दुपारनंतर करावी. पाणी सोडताना वहाळाकडचा दांड शेवटी उघडावा, नाही तर सगळं पाणी तिकडेच पळतं आणि वरची झाडं कोरडी राहातात.

गाऱ्हाण्याचा घोर करू नये, असं म्हणतात. गावातून निघाले त्या शनिवारी एसटी धरण्याआधी ते देवळात गेले होते. नारळ ठेवून देवीला सांगितलं, की केलं कुणी ते मला ठाऊक आहे, पण त्याने जाणून केलेलं नाही, त्याला धरू नकोस. दादूने नाव विचारलं. बाबांनी सांगितलं नाही. हे आम्हांलाही तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा कळलं. मी विचारलं, ज्याने वाडीसमोर पिशवी उघडायला लावली त्याच्यासाठी नारळ? तर म्हणाले, त्यांना काही झालं तर झाडांना पाणी कोण घालणार. मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

तुम्ही देवळात सगळ्यांसमोर बोललात ते त्यांना आवडलं. तो भाग पुन्हा वाचायला लावला. पण परत येणार नाहीत. दोन दळे तुम्ही मनापासून देताय हे त्यांना कळतं. आता वाकवत नाही, भात दुसऱ्या कुणाला द्यावं. गणपतीला येतील, आमच्या भावकीच्या घरच्या गणपतीला, तेव्हा मळ्यातून एक फेरी मारतील. तुम्ही हाक मारलीत तर चहाला थांबतील.

रागाचं लिहू नको म्हणाले, पण मी लिहिते. राग पिशवीचा नाही, आळाचाही नाही. ते म्हणाले, भाऊंनी कंपनीला विचारलं, ताईंना पत्र घालून विचारलं, गोदाला विचारलं, शेवटी देवीलाही विचारलं. मी अंगणात होतो. मला नाही विचारलं.

आता माझ्या जागी नवा गडी ठेवतील, तर भाऊंना एवढंच लिही, असं बाबा म्हणाले. तो कधी नको म्हणाला तर एकदा त्याला विचारा, का नको.

आमचा लोभ आहे. तुमचा आला तर तोही ठेवून घेऊ.

आपली,
दीपाली
(रावजींच्या सांगण्यावरून)